दांड्याचा एक इंच

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. हेलनबाई पाळक तीन आठवड्यांतून एकदाच डनमोरला येतात, त्या आज आल्या. माझ्या कपाळावर राखेचा क्रूस काढता काढता हळूच म्हणाल्या, "ग्लेन, दर उपवासकाळात तू बिअर सोडतोस आणि ईस्टरला दुप्पट पितोस. यंदा काही सोडू नकोस. वहीत लिहीत जा. थोडं लिही, पण खरं लिही."

"मी कुंपणं घालणारा माणूस, बाई. माझ्याकडे लिहिण्यासारखं काय असणार?"

"तेच बघू या," म्हणाल्या.

माझ्या बायकोने, जनीनने, शाळेच्या कपाटातली एक कोरी वही आणून दिली. तर खरं लिहायचं म्हणजे, कपाळावरची राख पुसायच्या आत मी वॉटल ओढ्यावर होतो. मार्च म्हणजे इकडे दक्षिणेत पानगळीची सुरुवात, पॉपलरचे शेंडे पिवळे व्हायला लागलेत. सकाळी तोंडातून वाफ निघते आणि दुपारी सदरा काढावासा वाटतो. गवतातले नाकतोडे जाडजूड आणि आळशी झालेत, वारा आला की धपकन पाण्यात पडतात. खाली ट्राउट मासा त्याचीच वाट बघत असतो. वर्षातले हे तीन आठवडे देवाने अगदी सवडीने घडवले असावेत.

एकही मिळाला नाही. तरी शिट्टी वाजवत घरी आलो.

८ मार्च, शनिवार

दोन पाण्यांचा शनिवार, म्हणजे गावची वर्षातली मासेमारीची स्पर्धा, बावीस तारखेला आहे, म्हणून आज गावचा हॉल झाडला. भिंतीवरचा फळा ओल्या फडक्याने पुसला. वर पांढऱ्या रंगात तेच जुने शब्द: सकाळी धबधब्याच्या वर एक ट्राउट, दुपारी धबधब्याच्या खाली एक बास. पिसांच्या माशीवर. मोजा, सोडा, सांगा.

एवढाच नियम. ट्राउट आणि बास हे दोन मासे, आणि गळाला खऱ्या किड्याऐवजी पिसा-केसांची बनावट माशी. मासा ज्याचा त्याने आपल्या जाळीवर मोजायचा, पाण्यात सोडायचा आणि संध्याकाळी हॉलमध्ये उभं राहून दोन्हींची बेरीज सांगायची. साक्षीदार नाही, फोटो नाही. डनमोरात आकडा कुणी विचारत नाही. सांगितला की लिहितात.

सगळ्यात वरची ओळ बाबांची. आल्फ पास्को, १९८७, अडतीस इंच. तिच्याखाली क्लॅरी हॅगन, १९८७, सदतीस. बाबांच्या ओळीला अडतीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही.

फळ्याखाली त्या संध्याकाळचा फोटो आहे. बाबांनी जाळीचा लांब दांडा बंदुकीसारखा खांद्यावर टेकवलाय, त्याचं टोक पुढे आलंय आणि टोकावर फ्लॅशचा एक पांढरट, तांबूस डाग पडलाय. शेजारी अकरा वर्षांचा मी. लहानपणी तो डाग मला तारा वाटायचा. त्याच हिवाळ्यात, ऑगस्टमध्ये, बाबा गेले. शवपेटी त्यांचे दोस्त, सुतार क्लॅरीकाकांनीच केली, रात्रभर रंधा मारत होते असं आई सांगायची.

९ मार्च, रविवार

हेलनबाई नसल्या की प्रार्थना मी वाचतो. आज सातजण होते आणि क्लॅरीकाकांचा कुत्रा बिल. क्लॅरीकाका स्वतः आत येत नाहीत. त्र्याऐंशी वर्षांत लग्न आणि मयत सोडून आले नाहीत. फाटकापाशी गाडीच्या बॉनेटवर टेकून उभे असतात.

"संपलं का तुझं?" मला बघून म्हणाले. "देवाला सांग, पोरा, जरा आटपतं घे. नाकतोडे अकरा वाजता उडायला लागतात."

"तुम्हीच आत येऊन सांगा ना."

"बिलला पाठवलं होतं की. त्याने सांगितलं असेल."

ओढ्यावर त्यांना माशीच्या भोकात दोरा ओवता येईना. मी ओवून दिला.

"डोळे गेले नाहीत हं," ते म्हणाले. "भोकंच लहान करायला लागलेत हल्ली."

त्यांच्या बनावट नाकतोड्याचं पोट बिलच्या शेपटीच्या केसांचं असतं. दर मार्चमध्ये बिलची शेपटी टकली होते, तरी बिचारा तक्रार करत नाही. क्लॅरीकाका गळाची काठी फिरवतात तेव्हा मात्र गुडघे, डोळे, वय काही दिसत नाही. दोर हवेत असा उलगडतो की मी माझं मासे धरणं विसरून बघत बसतो.

परतताना म्हणाले, "हे शेवटचं वर्ष माझं. दगडांवर पाय ठरत नाही. यंदा तुझ्या बापाला वरच्या ओळीवरून खाली उतरवतो आणि सुखाने पत्ते खेळत बसतो."

दरवर्षी असंच म्हणतात. पण 'शेवटचं' हा शब्द आज पहिल्यांदा आला.

१२ मार्च, बुधवार

बाबांच्या हातजाळीची दोरी कुजली होती. सकाळी नवी विणून बसवली. दांड्यावर बाबांनी बारीक पितळी खिळे ठोकलेत, बारा इंचांपासून बावीसपर्यंत. माशाचं नाक दांड्याच्या टोकाशी धरायचं आणि शेपूट कुठल्या खिळ्याशी येतं ते बघायचं. मीही तीस वर्षं असंच मोजत आलोय.

काम संपलं तेव्हा खिशात कुंपणाचा टेप होता. नुसता चाळा म्हणून टोकापासून लावला.

बाराचा खिळा अकरावर.

वीसचा एकोणीसवर. सगळे एकेका इंचाने अलीकडे.

टोकाला तांब्याच्या तारेचे घट्ट वेढे आहेत. बघत आलोय ते कायम, त्यांच्याकडे लक्ष मात्र आज गेलं. टोकाचं लाकूड गोल घासलेलं नाही, करवतीने सरळ कापलंय. कधीतरी दांडा तडकला असणार. कुणीतरी इंचभर कापून पुढे चिरू नये म्हणून तार गुंडाळली, आणि खिळे होते तिथेच राहिले.

माझा आजवरचा सगळ्यात मोठा ट्राउट बसल्या जागी एक इंचाने आखडला. आधी हसूच आलं. मग बाबांची आठवण झाली आणि हसू थांबलं. दोन मासे, दोन इंच. अडतीसचे छत्तीस होतात.

आणि क्लॅरीकाका अडतीस वर्षं दुसरे आहेत.

१३ मार्च, गुरुवार

मनात एकच प्रश्न. दांडा त्या शनिवारच्या आधी कापला की नंतर? नंतर कापला असेल तर बाबांचा आकडा खरा. आधी कापला असेल तर बाबा हॉलमध्ये उभे राहून, त्यांना माहीत नसताना का होईना, चुकीचं बोलले.

आज मॅकरे यांच्या शेतावर अठरा खांब रोवले. दोन वाकडे.

१६ मार्च, रविवार

जनीनला सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"मग विचार की कुणाला तरी."

"कुणाला? आई नाही. त्या काळचं माहीत असेल असे एक क्लॅरीकाकाच उरलेत."

"मग त्यांना विचार."

"काय विचारू? 'काका, तुम्ही गेली अडतीस वर्षं पहिले होता का?' असं?"

ती हसली. "तुला भीती कसली वाटते, ग्लेन? ते पहिले निघतील याची, की तुझे बाबा दुसरे निघतील याची?"

हा प्रश्न घेऊन मी रात्रीच्या प्रार्थनेला बसलो. दोन्ही एकच आहे, असं देवाला सांगून पाहिलं. पटल्यासारखं वाटलं नाही. त्याला नाही आणि मलाही नाही.

१८ मार्च, मंगळवार

संध्याकाळी विचारायचंच असं ठरवून क्लॅरीकाकांच्या सुतारखोलीत गेलो. ते बिलच्या शेपटीशी बसले होते, कात्री हातात.

"ये. तोंड का असं? कुणी गेलं का? माप द्यायला आलायस?"

"नाही हो. सहजच."

"सहज म्हणून पाच मैल कुणी येत नाही. भोपळे हवेत का?"

"चालतील."

तीन भोपळे घेऊन परत आलो. जनीनने भोपळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे विचारलं नाहीस."

२१ मार्च, शुक्रवार

ठरवलंय. उद्या माझे मासे टेपने मोजणार. बाकीचं उद्या संपल्यावर. म्हाताऱ्याचा शेवटचा शनिवार नासवायचा नाही.

हे लिहिलं आणि वाटलं, मी दयाळूपणाच्या नावाखाली पळ काढतोय. हेलनबाईंनी खरं लिहायला सांगितलंय, म्हणून हेही लिहून ठेवतो.

२२ मार्च, शनिवार

आज मी आनंदात आहे. सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी सातला ओढ्यावर धुकं होतं. क्लॅरीकाकांनी एका हातात काठी घेतली, दुसऱ्यात आधाराचा बांबू. आपली जाळी त्यांनी घरीच ठेवली होती. "तिसरा हात कुठून आणू? तुझ्या बापाची जाळी आहे ना, ती पुरे," म्हणाले. म्हणजे त्यांचा मासा मीच मोजणार, आणि मोजणार त्याच दांड्यावर.

साडेअकराला वारा सुटला. पडलेल्या विलोच्या झाडाखालच्या डोहात त्यांनी बिलच्या शेपटीचा नाकतोडा टाकला. असा टाकला की मलाही तो गवतातून घसरला असं वाटलं. पाण्याला नुसती एक घडी पडली आणि काठी वाकली.

"पळू दे त्याला, काका, दोर सोडा!"

"तू मला शिकवतोस? तुला चड्डी घालता येत नव्हती तेव्हा मी या डोहात—अरे, डावीकडे! जाळी डावीकडे!"

मी कंबरभर पाण्यात शिरलो. अखेर तो जाळीत आला. सोनेरी पोट, पाठीवर लाल ठिपके, शेपूट माझ्या पंजाएवढं. दांड्यावर धरला तर शेपूट एकवीसच्या खिळ्यावर.

आता मी काय केलं ते लिहितो. मला ठाऊक होतं की तो वीस आहे. पण मनात म्हटलं, बाबांचाही याच जाळीवर मोजला होता. तीच जाळी, तेच खिळे, मग दोघांना सारखाच न्याय. तोंड उघडलं आणि उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात, कमरेपर्यंत थंड पाण्यात उभा राहून मी म्हणालो, "एकवीस!"

क्लॅरीकाका काठावर दम खात होते. म्हणाले, "वीस."

"खिळा एकवीसचा आहे, काका."

"खिळ्याला काय कळतंय! त्या दांड्याचा इंच मीच कापलाय. वीस. सोड त्याला, गुदमरेल."

मी सोडला. तो क्षणभर माझ्या बुटापाशी थांबला आणि गेला. मग दहा दिवस दाबून ठेवलेलं ते आपसूक बाहेर आलं. "कधी कापलात?"

त्यांनी खाली वाकून बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. त्यांच्या गुडघ्यांनी त्याला बराच वेळ लागतो.

"नंतर," ते म्हणाले. "त्या हिवाळ्यात. तुझ्या आईने गाडी मागे घेताना दांड्यावर घातली. बाप तुझा अंथरुणाला खिळलेला. त्याला कळायच्या आत दुरुस्त करून दे म्हणाली, म्हणून टोक कापलं, तार गुंडाळली. खिळे हलवायचे राहिले."

"म्हणजे अडतीस खरे?"

"फळ्यावर काय लिहिलंय?"

"अडतीस."

"मग वाचता येतं तुला. चल, खालचं पाणी वाट बघतंय."

मला तिथेच गुडघे टेकावेसे वाटले, पण पाण्यात होतो.

दुपारी धबधब्याच्या खाली उतरलो. तिथे उकाडा असतो, शी-ओक झाडांची दाट सावली पाण्यावर पडते आणि बास त्या सावलीत दबा धरून बसतो. क्लॅरीकाकांनी केसाळ, फुगीर, पाण्यावर डुबुक-डुबुक करणारी माशी लावली. चार वाजेपर्यंत काही नाही. मला तर दिवसभरात एक चौदा इंची ट्राउट मिळाला होता, बस. मग एका मुळाखालून असा हिसका आला की ते जवळजवळ बसलेच. मी मागून कमरेला धरलं.

"सोड! लोक काय म्हणतील?"

"इथे लोक नाहीत, काका."

"हा मासा बघतोय ना!"

तपकिरी-हिरवा, जाडजूड, रागीट. खिळ्यांवर साडेअठरा. आम्ही दोघं एकदम म्हणालो, "साडेसतरा," आणि हसलो. सोडताना त्यांनी स्वतः त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग बेरीज केली. वीस आणि साडेसतरा. साडेसदतीस.

अर्धा इंच.

"अर्ध्या इंचाने हुकलं, काका," मी म्हणालो. मला खरंच वाईट वाटत होतं.

"तुझा बाप चिवट आहे," ते म्हणाले. पण चेहरा असा, जणू बाबांशी आताच हात मिळवून आलेत.

हॉलमध्ये संध्याकाळी बत्तीसजण होते. प्रत्येकाने उठून आकडा सांगितला. क्लॅरीकाका बांबूवर रेलून उठले. "साडेसदतीस." एवढंच. बराच वेळ टाळ्या वाजत होत्या. फळ्यावरचा त्यांचा जुना सदतीस खोडून तिथे साडेसदतीस लिहिलं. ओळ दुसरीच.

हॉलमधल्या चहाचं काम जनीनकडे होतं. गर्दी ओसरल्यावर मी तिला सगळं सांगितलं, दांडा नंतरच्या हिवाळ्यात कापला, तार तेव्हाच गुंडाळली, बाबा खरे होते. तिने मला मिठी मारली. मग माझ्या खांद्यावरून तिची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. ती चष्मा लावून जवळ गेली, अगदी काचेला नाक लागेपर्यंत.

"ग्लेन, हे टोकाशी चमकतंय ते काय?"

"फ्लॅशचा डाग. लहानपणी मला तारा वाटायचा."

"फ्लॅशचा," ती म्हणाली. "आयुष्यभर तार ओढण्यात घालवलेल्या माणसा, तू—" आणि थांबली. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला बघत होती. तिकडे क्लॅरीकाका खुर्चीत बसून तिच्याकडे बघत हळूहळू मान हलवत होते. बहुधा चहात साखर नको म्हणत असावेत.

ती त्यांच्यापाशी गेली, भोपळ्याच्या केकचे तीन तुकडे बशीत घातले आणि सगळ्यांसमोर त्यांच्या टकलाचा मुका घेतला.

"हे काय!" ते ओरडले. "दुसऱ्या नंबरला एवढं देतात, तर पहिल्याला काय देता?"

"पहिल्यालाच दिलंय, काका," जनीन म्हणाली.

यंदापुरतं बघायचं तर ते पहिले आहेतच. बाकी कुणी बत्तीस इंचांच्या वर गेलं नाही.

३० मार्च, रविवार

चर्चमधून बाहेर आलो तर क्लॅरीकाका फाटकापाशी नव्हते. परत आत डोकावलो तर शेवटच्या बाकावर बसले होते, बिलला मांडीशी घेऊन. कधी आत आले कळलंच नाही.

"बाहेर थंडी होती," म्हणाले. नव्हती.

"बरं. कसं वाटलं?"

"लांबवतोस फार. आणि खोटं बोलणाऱ्यांबद्दल जे वाचलंस ते जरा जास्तच कडक आहे. त्यात काही सवलत नसते का?"

"कसली सवलत?"

"काही नाही. चल, जाळी आण माझ्याकडे."

२ एप्रिल, बुधवार

जाळी नेली. क्लॅरीकाकांनी तांब्याची तार एकेक वेढा करत सोडवली, गुंडाळी करून आपल्या खिशात टाकली. बाबांच्याच लाकडासारखं ब्लॅकवुड शोधून ठेवलं होतं. इंचभर तुकडा खुंटीने आणि सरसाने बसवला, टोक गोल घासलं, तेल लावलं. जोड दिसतही नाही. मी टेप लावला. बारावर बारा, वीसवर वीस.

"झालं," म्हणाले. "आता ही खरं बोलते. तुझं तू बघ. अडतीस जड आहेत, सांगून ठेवतो."

"तार परत द्या ना. बाबांची आठवण."

"तार माझी होती," ते म्हणाले आणि खिशावर हात ठेवला.

१२ एप्रिल, शनिवार

हॉलमध्ये गेलो तर बाबांचा फोटो जागेवर नाही. जनीनने काच पुसायला काढला आणि परत लावताना दाराच्या वर, पार आढ्याजवळ लावला. तिथून बाबांचा चेहरा ओळखू येतो, पण दांड्याचं टोक बघायचं तर शिडी लागेल.

"इतका वर का?" मी विचारलं.

"तिथून ते सगळ्यांकडे बघतात," ती म्हणाली. "क्लॅरीकाकांनाही तीच जागा पसंत पडली."

दोघांनी मिळून ठरवलंय तर बरंच असेल. खाली उभा राहून मी वर बघत होतो तेव्हा काहीतरी लक्षात येता येता राहिलं. तेवढ्यात बाहेरून क्लॅरीकाकांनी हॉर्न दाबला. ते आता मासे धरत नाहीत. काठावर खुर्ची टाकून बसतात आणि मी काठी कशी चुकीची फिरवतो ते सांगतात.

२० एप्रिल, ईस्टर

येशू उठला. पहाटे घंटा मी वाजवली. एक बिअर प्यायलो, एकच.

हेलनबाईंना वही दाखवली. त्यांनी शेवटची पानं दोनदा वाचली आणि वही मिटली.

"खरं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "अगदी सगळं. हे तू परत कधी वाचतोस का?"

"नाही. लिहिलं की झालं."

"बरं करतोस," म्हणाल्या आणि मागच्या बाकाकडे बघून हसल्या. तिथे क्लॅरीकाका बिलला धरून झोपले होते.

रात्रीच्या प्रार्थनेत देवाचे आभार मानले. बाबांची ओळ राहिली म्हणून. क्लॅरीकाका दुसरे असूनही सुखात आहेत म्हणून. आणि अशा गावात जन्माला घातलंस म्हणून, जिथे माणूस उभा राहून आकडा सांगतो आणि लोक काही न विचारता तो लिहून घेतात.